जबड्यातल्या लेकी

डॉक्टर, असं भांडण अर्ध्यात टाकून कुणी उठून जातं होय?

परवा तुमच्या घरी भेटायला आले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकलेली, माणसं येत होती, बसत होती, उठत होती, आणि सगळी तुमच्याबद्दल एकच बोलत होती. किती शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. मी मनात म्हटलं, अगं बया, हे कुणाबद्दल चाललंय? मी ज्यांच्या खुर्चीत उभा जन्म काढला ते डॉक्टर "आ कर", "मीट" आणि "गप बस" ह्याच्या पलीकडं कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. समोर स्टुलावर तुमचा हार घातलेला फोटो होता. लोक हात जोडत होते आणि मी तुमच्या जबड्याकडं बघत होते. डाव्या कानाखाली तुमचं हाड जरा रुंद होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ही खोड तुम्हीच लावलीत. आता कुणी नवीन माणूस भेटला की मला आधी त्याचं हाड दिसतं आणि चेहरा मागनं येतो.

पहिल्यांदा तुमच्याकडं आले ते कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी. आप्पा मला कोडोलीहून यष्टीनं कोल्हापूरला घेऊन आले होते. मी सोळा वर्षांची. उजव्या बाजूला, अगदी मागं, गाल फुगलेला. दुखत काहीच नव्हतं, नुसतं सकाळी उठलं की तोंडात खारट पाणी यायचं. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, पोरगी मशेरी गालात धरून बसते. आईनं तर माझ्या तोंडात बोट घालून झडती घेतली होती. तुम्ही काही विचारलं नाही. अंगठा आत घातलात, बाहेरनं बोटं लावलीत आणि हाड दाबलंत. आणि ते वाजलं. अंड्याचं टरफल दबावं तशी बारीक करकर. हाड माझं, तोंड माझं, आणि आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. आप्पा दोन पावलं मागं सरले.

"हे आमच्या घरातलंच हाय, डाक्टर," ते म्हणाले. "माझ्या आईला हुतं. थोरल्या भनीला हाय. मलाबी हिकडं जरा लागतंय."

"घरातलं नंतर बघू," तुम्ही म्हणालात. "आधी पोरीचं बघू दे."

सुया टोचून तुम्ही माझा जबडा बधिर केलात, पण कान थोडेच बधिर होतात? तुम्ही हाड खरवडत होता आणि तो आवाज बाहेरनं येतच नव्हता. कुणीतरी माझ्या डोक्याच्या आत बसून खरकटी कढई खरवडत होतं. जे निघालं ते तुम्ही मला वाटीत दाखवलंत. पांढरं, रवाळ, खरवस चुरगाळल्यासारखं. वास असा की आप्पांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. मग त्या पोकळीत तुम्ही पिवळी औषधाची पट्टी घडी घालघालून भरलीत. दर आठवड्याला जुनी ओढून काढायची, नवी भरायची. त्या पिवळ्या औषधाचा वास माझ्या भाकरीला, उशीला, केसांना लागला तो गेलाच नाही. गाठ तपासायला पाठवली होती तिचं उत्तर आल्यावर तुम्ही आप्पांना सांगितलंत, "गाठ साधी आहे. कॅन्सर नव्हे."

आप्पांनी हात जोडले. "साधी म्हंजी परत येनार न्हाय न्हवं?"

"येऊ नये," तुम्ही म्हणालात.

मी तेव्हाच ऐकलं होतं, डॉक्टर. 'येणार नाही' असं तुम्ही म्हणाला नव्हता.

एक गोष्ट मात्र आम्ही तुम्हाला त्या वेळी सांगितली नाही. आमच्या घरावर करणी आहे असं आमच्यात मानायचे. माझी आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, सांगायची की पणजीच्या काळात भावकीत बांधावरनं भांडण झालं. कुणीतरी आमच्या घराच्या नावानं चिंधीची बाहुली केली, तिच्या दोन्ही तळव्यांत सुया टोचल्या आणि कुठंतरी पुरून ठेवली. म्हणून आमच्या घरातल्यांच्या हातावर सुया उमटतात आणि मग गाल सुजतो. हात कोरडा असला की काही दिसायचं नाही. धुणं धुताना, भात लावताना, हात बराच वेळ पाण्यात राहिला की दिसायच्या. मी लहान असताना विहिरीवर आत्तीचा हात बघितला होता. तळवा पांढरा पडलेला आणि त्यावर तांबडी टिंबं, नुकतीच कुणी टोचून गेल्यासारखी. आत्ती हात माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघ शालन, बाहुली भिजली."

आप्पांनी अंगण खणलं, गोठा खणला, उंबरा उचकटून त्याच्याखाली खणलं. देवरसी आणला, त्यानं सांगितलं तिथं पुन्हा खणलं. बाहुली काही सापडली नाही.

मग माझं लग्न झालं आणि मी कोल्हापुरातच मंगळवार पेठेत आले. मालक उद्यमनगरात लेथवर, मी घरात मशीन टाकून ब्लाउज शिवायची. गाठीचं मी विसरूनही गेले होते. आणि संगी पोटात असताना एक दिवस आरशात बघते तर डावा गाल वर आलेला. ह्या वेळी डावा! तुमच्याकडं आले तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, जसं काही मीच ती बाजारातनं आणून तोंडात ठेवली होती. मलाही राग आला. म्हटलं, साधी होती ना? साधी असून परत कशी आली? तेव्हा तुम्ही जरा नरमलात आणि कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवलंत. गाठीचं अस्तर कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असतं. ओढायला गेलं की फाटतं. फाटलेला कण हाडात कुठं राहिला तर त्यातनं नवीन उठते. कधी कण राहिलेला नसला तरी दुसरीकडं आपली आपण उठते.

"मूळ गाठीच्या आसपास बारीक बारीक असतात," तुम्ही म्हणालात. "इंग्रजीत त्यांना लेकी म्हणतात. आई काढली तरी लेकी राहतात."

माझा हात आपोआप पोटावर गेला. तुमच्या ते लक्षात आलं आणि तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "आधी ही येऊ दे," म्हणालात, "मग ती काढू. तोपर्यंत एक्स-रेचा फोटो नको." एवढं बोलून तुम्ही हात धुवायला गेलात. पण तो शब्द मी घरी घेऊन आले. रात्रंदिवस मला वाटायचं की माझ्या अंगात दोन ठिकाणी काहीतरी वाढतंय आणि दोघींचं नाव एकच आहे. संगी झाली तेव्हा सुईणीनं पोरगी हातात दिली, तर मी आधी तिच्या मुठी उघडून बघितल्या. गुलाबी, कोऱ्या होत्या. माझं अंग हलकं झालं.

डावीकडची काढलीत. संगी चालायला लागली तोवर उजवीकडं पुन्हा आली. त्या वेळी तुम्ही मुंबईला डॉक्टरांच्या कुठल्याशा सभेला जाऊन आला होता आणि कधी नव्हे ते खुशीत होता. मी खुर्चीत बसून आ केला तर म्हणालात, "तोंड राहू दे. हात दाखव."

मला वाटलं डॉक्टरांचं डोकं फिरलं. मी ज्योतिष्यापुढं धरतात तसा, घामानं ओला झालेला उजवा हात धरला. तुम्ही चिमणी दिव्यासारखा तो छोटा दिवा लावून तळवा न्याहाळलात आणि विचारलंत, "ही टिंबं कसली?" म्हटलं, "शिवणकाम करते मी. सुई टोचते." तुम्ही एकदम हिरमुसलात. हात सोडून दिलात. मग जरा वेळानं म्हणालात, "तुझे वडील शिवतात का?"

आप्पांना बोलावून घेतलंत. कंपाउंडरला टोपात कोमट पाणी आणायला लावलंत आणि आम्हा बापलेकीचे हात त्यात बुडवून बसवून ठेवलंत. आप्पा माझ्याकडं बघेनात. त्यांना ठाऊक होतं काय दिसणार आहे ते. तुम्ही घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मग म्हणालात, "काढा." आप्पांचा हात कसा होता आठवतंय ना? नांगर धरून धरून चामड्यासारखा झालेला. त्याच्यावर टिंबं उठली होती, तळव्यापासनं बोटांपर्यंत. माझ्याही. आणि तुम्ही टाळी वाजवलीत, डॉक्टर. लहान पोरासारखी टाळी वाजवून ओरडलात, "सापडलं!"

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय सापडलं? बाहुली?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बांधाचं भांडण, चिंधीची बाहुली, सुया. मला वाटलं तुम्ही आता हसणार किंवा चिडणार. तुम्ही दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसलात, त्यांचा ओला हात हातात धरून ठेवलात आणि म्हणालात, "बाहुली आहे, पाटील. तुमचं चुकलं नाही. पण अंगणात कशाला खणता? ती तुमच्या रक्तात आहे. बापाकडनं पोरीकडं जाते. हाताला टिंबं, जबड्यात गाठी, एकीमागनं एक. आता कळलं म्हणजे आपण फोटो काढून लक्ष ठेवू, लहान असतानाच काढू."

तुम्हाला वाटलं तुम्ही त्या माणसाला समजावून सांगितलंत. काय सांगितलंत कळतंय का? अंगणातली बाहुली निदान खणून काढता आली असती. त्या दिवसापासनं आप्पांनी घरात पाण्यात हात घालणं बंद केलं. आंघोळीलासुद्धा आईकडनं पाणी अंगावर ओतून घ्यायचे आणि दोन्ही हात कोरडे राहावेत म्हणून वर धरून उभे राहायचे.

ते जाऊ दे. त्यानंतर तुमच्या दवाखान्यात जी मज्जा झाली ती आठवली की आजही हसू येतं. डॉक्टर हात बघून रोग सांगतात अशी वार्ता महाद्वार रोडवर पसरली, आणि दाढ उपटायला आलेली माणसं आधी तळवा पुढं करायला लागली. एकजण इचलकरंजीहून आला होता, दात एकही दुखत नव्हता, म्हणाला, "डाक्टर, पोराला नोकरी कवा लागंल तेवढं बगा की." तुम्ही असे ओरडलात की कंपाउंडरच्या हातातली चिमट्यांची थाळी खाली पडली. मी तोंडात पिवळी पट्टी भरून बसले होते, हसताही येईना. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "हे सगळं तुझ्यामुळं." म्हटलं, "मी काय केलं? मी तर सुई टोचली म्हणत होते!"

तुमची ती अंधारी खोलीही मला विसरता येत नाही. फोटो धुवून ओले टांगलेले असायचे, दोरीवर, चिमट्यांनी, खाली थेंब थेंब गळत. एकदा तुम्ही मला आत बोलावलंत. दोन कवट्या शेजारी शेजारी टांगल्या होत्या. दोन्हींच्या जबड्यात काळी भोकं, कडा गोल, एकात एक शिरलेली. डोळ्यांच्या खोबणी जरा लांब लांब. कपाळाच्या मधोमध एक पांढरी रेघ. मी विचारलं, "ह्यातली मी कुठली?" तुम्ही दोन्हींकडं बघितलंत. पुन्हा बघितलंत. मग दिवा जवळ नेऊन चिमट्यावरची चिठ्ठी वाचायला लागलात. तुम्हालाही सांगता आलं नाही. आप्पा बाहेर बाकावर बसले होते, जिवंत, पानाला चुना लावत, आणि आत त्यांचं डोकं माझं म्हणून टांगलेलं होतं. मी बाहेर येऊन त्यांच्या दंडाला हात लावून बघितला.

आप्पांनी ऑपरेशन करून घेतलं नाही. "पिकलं पान हाय, राहू दे," म्हणत राहिले. ते गेले तेव्हा रक्षाविसर्जनाला आम्ही सगळी नदीवर गेलो होतो. राख सावडताना आत्तीच्या हाताला हाडाचा तुकडा लागला. जबड्याचाच. त्याला आरपार भोक होतं, कुणी गिरमिटानं पाडावं तसं गोल, आणि आगीतनं येऊनसुद्धा त्याच्या कडा गुळगुळीत. आत्तीनं तो तुकडा डोळ्यापुढं धरला आणि भोकातनं माझ्याकडं बघितलं. तिला दुसरं काही करायचं नव्हतं, नुसतं बघितलं. मग तिनं तो पाण्यात सोडला.

आणि हे मी तुम्हाला रडत सांगत होते, तर तुम्ही काय म्हणालात? "अगं, सोडला कशाला? मला आणून द्यायचा होता."

माझं डोकं असं सणकलं! बापाचं हाड मागता? मी खुर्चीतनं उठले, गळ्यातला टॉवेल तुमच्या थाळीत फेकला आणि तडक घरी गेले. वर्षभर तुमच्या पायरीला पाय लावला नाही. मग उजवा गाल पुन्हा वर आला आणि झक मारत आले. तुम्ही काही झालंच नाही अशा आवाजात म्हणालात, "आ कर." मीही केला. त्या वेळी तुम्ही नुसतं खरवडून थांबला नाहीत. आजूबाजूचं हाड कोरून काढलंत, दोन दाढा घेतल्यात आणि म्हणालात, "आता इथं परत आली तर मी धंदा सोडून देईन." तिथं ती पुन्हा आली नाही, डॉक्टर. आज माझ्या तोंडात जे काही चावायला शिल्लक आहे ते तुमच्यामुळं आहे. दुसऱ्या कुणी अर्धा जबडाच काढून हातात दिला असता. हे तोंडावर सांगायचं राहिलं. तुम्ही सांगू दिलं नसतंत म्हणा, "गप बस" म्हणाला असतात.

आपलं खरं भांडण मात्र संगीवरनं. ती शाळेत जायला लागली तेव्हापासनं दर खेपेला, माझं तपासून झालं की तुम्ही हात पुसता पुसता विचारायचा, "पोरीचा हात कधी दाखवतेस?"

"नाही दाखवत," मी म्हणायची.

"असेलच असं नाही. नसेलच असंही नाही. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"नाही कळलं तर काय बिघडलं?"

"गाठ वाढून हाड पोखरल्यावर आणलीस तर मी काय करू?"

"तुमचा काय भरवसा, टाळी वाजवाल!"

हे मी मुद्दाम बोलायची. तुम्हाला लागायचंही. पण मी चुकले असं आजही म्हणणार नाही. आप्पांना तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांचं काय झालं ते तुम्ही नाही, आम्ही बघितलंय. हात वर धरून आंघोळ करणारा माणूस मी बघितलाय. माझ्या पोरीनं रंगपंचमी खेळावी, नदीत डुंबावं, भांडी घासावीत आणि आपल्या तळव्याकडं ढुंकून बघू नये, एवढंच मला हवं होतं. मी स्वतः कधी तिचा ओला हात बघितला नाही. ती न्हाऊन आली की मी मशीनवर मान खाली घालून बसायची. बाहेर बाकावर ती पाटी-पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि आत आपण तिच्या हातावरनं भांडायचो. दार तर तुमचं कधी धड मिटायचं नाही.

शेवटचे आपण भेटलो ते तुमच्या दवाखान्यात नाही, माझ्या घरी. उन्हं उतरायच्या वेळेला तुम्ही दारात उभे. इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. हातात तुमच्या बायकोच्या, बाईंच्या, ब्लाउजचं कापड. म्हटलं, कापड द्यायला तुम्ही कशाला आलात, कुणाला तरी पाठवायचं. तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलात. मी चहा टाकला. संगी आतल्या दारात उभी होती, आणि तुम्ही एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. तुमचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. मला कसंतरीच वाटायला लागलं म्हणून मी थट्टा केली. म्हटलं, "डॉक्टर, एवढं एकच घर आहे बघा, जिथं तुम्ही कुणाचा हात बघायचा नाही."

तुम्ही हसलात. चहा प्यायलात. मापाचा ब्लाउज विसरलो म्हणालात, आणतो म्हणालात. पायरी उतरून गल्लीच्या वळणावर थांबलात आणि मागं वळून बराच वेळ दाराकडं बघत राहिलात. मी हात हलवला. तुम्ही हलवला नाहीत. मला वाटलं चष्मा घातला नसेल. आठवडा गेला नाही तोच तुम्ही झोपेत गेल्याचं कळलं. कापड अजून तसंच घडी घातलेलं आहे, कात्री लावायचं धाडस होत नाही.

बातमी आली तेव्हा संगी शाळेतनं नुकतीच आली होती. मी तिला सांगितलं. ती तुमच्यासाठी रडेल असं मला वाटलं नव्हतं, तिचा तुमचा काय संबंध? पण पोरगी दप्तरासकट खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी जवळ घेतली तर म्हणाली, "आई, आता माझे फोटो कोण काढनार?"

मी तिच्या पाठीवरचं दप्तर सोडवलं आणि विचारलं, "कसले फोटो?"

सगळं मग हळूहळू बाहेर आलं. भांडी घासताना तिला तिचं तिलाच दिसलं होतं. दुसरी-तिसरीत असल्यापासनं आपण दोघं कशावरनं भांडतो ते बाकावर बसून तिनं ऐकलंच होतं, आणि आत्तीकडनं बाहुलीचंही ऐकलं होतं. म्हणून एक दिवस शाळा सुटल्यावर ती हात ओला करून, रस्त्यात वाळू नये म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून, एकटी तुमच्याकडं आली. तुम्ही हात बघितलात. टाळी वाजवली नाहीत. "घाबरलीस व्हय?" एवढंच विचारलंत. ती म्हणाली, "मी न्हाय. आई घाबरंल. तिला सांगू नका." तुम्ही विचारलंत, "मग कधी सांगायचं?" आणि माझी ही शहाणी तुम्हाला म्हणाली, "तिनं आपनहून माझा हात दाखवला की मग."

म्हणून तुम्ही विचारतच राहिलात! दर खेपेला हात पुसता पुसता, साळसूद चेहरा करून, "पोरीचा हात कधी दाखवतेस?" सगळं ठाऊक असून! वर्षाच्या वर्षाला तिचे फोटो काढत होता आणि पोरीला दिलेला शब्द पाळत माझ्याशी खोटं खोटं भांडत होता. आणि ह्या वर्षीच्या फोटोत डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा काळा ठिपका दिसला, तेव्हा तिला म्हणालात, "आता मात्र मी घरी येऊन सांगतो."

आलात, आणि मी तुम्हाला बोलू दिलं नाही.

मी तुमच्यावर किती चिडले म्हणून सांगू. माझ्या पोरीचा हात माझ्यापासनं चोरून बघितलात. तुमच्या फोटोपुढं बसले होते तेव्हा सगळे हात जोडत होते आणि माझ्या तोंडात शिव्या येत होत्या. शिव्या देता देताच कळलं की मी जे बघायचं टाळून मान खाली घालून बसले, त्याच्यावर तुम्ही माझ्या वाटचं लक्ष ठेवत होता. हरभऱ्याएवढा असताना सापडला तो तुमच्यामुळं. आमच्या घरात आजवर कुणाचा एवढा लहान असताना सापडला नाही. रडू आलं ते तिथंच, सगळ्या माणसांत. तुमच्या बाईंनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं पेशंट होती म्हणून रडते.

काल संगीला घेऊन मिरजेला गेले होते. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत आहे. पुढंही गाठी येत राहतील, दर वर्षी फोटो काढावा लागेल, हे मी तिला आधीच सांगून टाकलंय. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. टेबलाशी बसून विचारायला लागल्या, काय त्रास होतो, दुखतं का, कधीपासनं. कोपऱ्यात हात धुवायचं भांडं होतं. मी संगीला तिथं नेलं, बूच लावून पाणी भरलं आणि तिचा हात आत धरून उभी राहिले. माझा हात तिच्या हातावरनं काढला नाही, म्हणून माझाही भिजला. बाई बघत राहिल्या, पण थांबवलं नाही. संगी म्हणाली, "आई, पुरे." बाहेर काढला आणि मी पहिल्यांदा बघितला, डॉक्टर. तिचाही आणि शेजारी माझाही. सारखीच टिंबं. मी पुसला नाही. तसाच निथळता हात बाईंच्या टेबलावर त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "बाई, आधी माझ्या पोरीचा हात बघा."

माझ्या तोंडून हेच ऐकायला बसला होता ना इतकी वर्षं? मग अजून जरा बसायचं होतं की हो.